आपण चालतो कसे? एका पावलातले टप्पे आणि त्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात फिजिओथेरपीचं काम करताना रोज कुणीतरी समोर येऊन एवढंच सांगतं, "पाय दुखस." कुठे, कधी, किती, हे नंतर. अशा वेळी मी त्यांना खुर्चीत बसवत नाही. दाराशी नेते आणि चालत आत या म्हणते. एका पावलात वेगवेगळ्या कामांचे आठ क्षण असतात, आणि बहुतेक लंगडण्याला त्यांतला एखादा ठरावीक क्षण असतो. तो सापडला की दुखणं कुठून येतंय ते कळायला लागतं. पेशंट आणि त्यांच्या घरचे नेहमी जे विचारतात, ते प्रश्न याच दृष्टीने इथे घेतले आहेत.

चालण्याचं एक चक्र म्हणजे नेमकं किती?

उजवी टाच जमिनीला टेकली त्या क्षणापासून तीच उजवी टाच पुन्हा टेकेपर्यंत. यात दोन पावलं पडतात, एक डावं आणि एक उजवं. धडधाकट माणसाचं एक चक्र साधारण एका सेकंदात किंवा किंचित जास्त वेळात पूर्ण होतं. त्यातला जवळपास ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. जमिनीवरच्या काळाला स्टान्स म्हणतात, हवेतल्या काळाला स्विंग. मी पेशंटशी बोलताना टेकता काळ आणि झुलता काळ म्हणते, इथेही तेच शब्द वापरते.

उजवा ६० टक्के, डावाही ६० टक्के. मग बेरीज शंभरावर कशी जाते?

कारण चक्रातला साधारण २० टक्के वेळ दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात. एक पाय भार घेत असतो, दुसरा भार सोडत असतो. एका चक्रात असं दोनदा होतं, दर वेळी सुमारे १० टक्के. चालण्याची सुरक्षितता या दोन छोट्या तुकड्यांत आहे. चिखलात, अंधारात किंवा पडण्याची भीती असली की माणूस आपोआप हा काळ वाढवतो. वेग वाढवला की तो कमी होत जातो, आणि पळायला लागल्यावर पूर्ण नाहीसा होतो. पळताना तर दोन्ही पाय हवेत असण्याचा क्षण येतो. चालणं आणि पळणं यांतला खरा फरक हाच. सावकाश पळणारा माणूस झपझप चालणाऱ्याच्या मागे पडू शकतो, पण म्हणून तो चालत नसतो.

ते आठ टप्पे कोणते? एकेक करून सांगाल का?

ही आठ टप्प्यांची मांडणी कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात रूढ झाली. तिथल्या अस्थिशल्यचिकित्सक डॉ. जॅकलिन पेरी यांचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. पोलिओ झालेल्या पेशंटांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. एकेक स्नायू गेला की चाल कशी बदलते हे त्यांनी त्या पेशंटांमध्ये पाहिलं, आणि त्यातूनच धडधाकट माणूस कसा चालतो याची समज पक्की होत गेली.

आता उजव्या पायाकडे बघा. पहिला क्षण टाच टेकण्याचा. गुडघा जवळपास सरळ असतो, घोटा काटकोनात आणि चवडा वर उचललेला. हा क्षण फार छोटा असतो, पण पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

दुसरा टप्पा भार घेण्याचा, चक्राच्या पहिल्या १०-१२ टक्क्यांतला. माणसं समजतात की टाच टेकल्यावर पाऊल आपोआप खाली पडतं. तसं होत नाही. नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू पावलाला धरून सावकाश खाली सोडतो. तो कमजोर झाला की पाऊल फटकन आपटतं, आणि तो आवाज शेजारच्या खोलीतूनही ओळखता येतो. त्याच वेळी गुडघा १५ ते २० अंश वाकतो. हे वाकणं मुद्दाम असतं, कारण त्यातून धक्का जिरतो. मांडीचा पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, गुडघ्याला त्याहून जास्त वाकू देत नाही.

तिसऱ्या टप्प्यात डावा पाय जमीन सोडतो आणि सगळं शरीर एकट्या उजव्या पायावरून पुढे सरकतं. उभं राहताना एका पायावर तोल सांभाळायला कष्ट पडतात, चालताना मात्र तेच काम दर पावलाला होतं. हे जमतं ते कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूच्या ग्लुटिअस मीडियस या स्नायूमुळे. तो कंबरेचं हाड जवळपास समतोल धरतो, डावी बाजू खाली पडू देत नाही. पेशंटांना हा स्नायू ठाऊकच नसतो. मी तर म्हणेन की चाळिशीनंतर आधी त्याची काळजी घ्यावी.

चौथ्या टप्प्यात शरीर पावलाच्या पुढे निघून जातं, टाच उचलली जाते आणि भार चवड्यावर येतो. आता मांडी खुब्यातून मागे गेलेली असते. पोटरीवर सगळ्यात जास्त ताण याच वेळी असतो. पाचव्या टप्प्यात डावी टाच टेकलेली असते, दोन्ही पाय जमिनीवर असतात आणि उजव्याचा भार झपाट्याने कमी होतो. गुडघा ४० अंशांच्या आसपास वाकतो, अंगठा शेवटचा जमीन सोडतो आणि टेकता काळ संपतो.

उरलेले तीन टप्पे हवेतले. सहाव्यात गुडघा सुमारे ६० अंशांपर्यंत वाकतो, म्हणजे पाय आखूड होऊन खाली अडकत नाही. सातव्यात पाऊल उभ्या पायाच्या शेजारून पुढे जातं. या वेळी बोटं आणि जमीन यांच्यात जेमतेम एक-दोन सेंटिमीटर अंतर असतं, आणि पाऊल तर सगळ्यात वेगात असतं. घराचा उंबरठा, अंथरलेल्या सतरंजीची कड, फरशीचा वर आलेला कोपरा, असं काहीही या क्षणी आड आलं की ठेच लागते. आठव्या टप्प्यात गुडघा सरळ होतो, मांडीच्या मागचे स्नायू पायाला आवर घालतात आणि टाच पुन्हा टेकायला तयार होते.

म्हणजे स्नायू आपल्याला सतत पुढे ढकलत असतात का?

नाही. चालताना स्नायूंचं बरंचसं काम आवरण्याचं आणि सावकाश सोडण्याचं असतं. वर बघा, नडगीचा स्नायू पाऊल सावकाश सोडतो, मांडीचा गुडघ्याला आवरतो, कुल्ल्याचा कंबर धरतो, मागचे स्नायू झुलत्या पायाला थांबवतात. पुढे ढकलण्याचं मोठं काम पोटरी करते, तेही चौथ्या-पाचव्या टप्प्यात. म्हणूनच नुसती ताकद वाढवणारे व्यायाम करूनही चाल सुधारली नाही अशी तक्रार येते. खुर्चीत सावकाश बसणं, पायरी सावकाश उतरणं हे व्यायाम साधे दिसतात, पण चालण्याला लागणारं आवरण्याचं काम त्यांतूनच शिकवलं जातं. उतरताना हळू, एवढं एकच मी पुन्हा पुन्हा सांगते.

टाच आधी टेकलेली चांगली, की पूर्ण पाऊल?

सपाट जमिनीवर नेहमीच्या वेगाने चालताना टाच आधी टेकणं हेच स्वाभाविक आहे. बैलगाडीचं चाक गोल असल्यामुळे न अडकता पुढे जातं. पाऊल गोल नाही, तरी तेच काम ते तीन ठिकाणांवरून करतं: आधी टाचेच्या गोलाईवरून, मग घोट्यावरून आणि शेवटी चवड्यावरून. पेरी यांनी या तिघांना रॉकर म्हटलं. यांतला एक जरी आखडला, उदाहरणार्थ घोटा प्लास्टरमध्ये राहून ताठ झाला, तरी शरीर पुढे जाताना अडतं. मग माणूस टाच लवकर उचलतो, पाऊल बाहेर वळवतो किंवा गुडघा मागे ताणतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर उन्हाळ्यात शेतरस्त्याच्या फुफाट्यातून अनवाणी दहा पावलं चाला आणि मागे वळून ठसे बघा. टाचेचा खड्डा खोल असतो, त्यातही बाहेरच्या बाजूला जास्त. तिथून रेघ पावलाच्या बाहेरच्या कडेने पुढे जाते, चवड्याशी आत वळते आणि अंगठ्यापाशी माती किंचित मागे ढकललेली दिसते. पाऊल सपाट असेल तर आतली कमानही उमटते. एकाच पायाचा अंगठा उमटत नसेल, तर त्या पायाचा शेवटचा ढकला कमी पडतोय असं समजा.

सर्वसाधारण वेग किती असावा?

निरोगी प्रौढ माणूस मोकळ्या रस्त्यावर मिनिटाला १०० ते १२० पावलं टाकतो आणि ताशी साडेचार-पाच किलोमीटर चालतो. एका पावलाची लांबी ६० ते ७५ सेंटिमीटर धरा. उंचीप्रमाणे ती बदलते, त्यामुळे शेजाऱ्याशी तुलना करू नका. घरच्या घरी मोजायचं तर अंगणात किंवा गल्लीत १० मीटरवर खूण करा, तिच्या आधी दोन-तीन पावलं सोडून चालायला सुरुवात करा आणि वेळ बघा. आठ-नऊ सेकंद लागले तर छान. वयस्कर माणसाला साडेबारा सेकंदांहून जास्त लागत असतील, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली असेल, तर स्नायू आणि तोल दोन्ही तपासून घ्यायला हवेत.

रोज दहा हजार पावलं चालायलाच हवीत का?

हा आकडा १९६५च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रामुळे रुजला. कुठल्याही वैद्यकीय नियमातून तो आलेला नाही. आज दोन हजार चालत असाल तर पुढच्या महिन्यात तीन हजार चाला. त्याचा फायदा नक्की होतो.

इतकं चालूनही आपण फारसे दमत का नाही?

तिसऱ्या टप्प्यात शरीर ताठ पायावरून पुढे जातं तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य सगळ्यात उंच असतो, आणि दोन्ही पाय टेकलेले असतात तेव्हा सगळ्यात खाली. हा गुरुत्वमध्य उभ्या माणसाच्या कंबरेच्या आत, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या पुढे असतो. दर पावलाला तो जेमतेम ४-५ सेंटिमीटर वर-खाली होतो. वर जाताना वेग थोडा कमी होतो आणि उंची मिळते, खाली येताना ती उंची वेगात बदलते. उलट्या टांगलेल्या लंबकासारखा हा व्यवहार असतो. त्यात निम्म्याहून जास्त ऊर्जा परत मिळते, बाकीची स्नायूंनी भरायची असते. फार सावकाश चाललं तर ही देवाणघेवाण बिघडते. म्हणून लग्नाच्या वरातीत तासभर रखडत चाललेला माणूस शेतावर तासभर झपाझप जाणाऱ्यापेक्षा जास्त कंटाळतो.

आमच्याकडे बाया डोक्यावर हंडा घेऊन सहज चालतात. ते कसं जमतं?

यावर केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांचा एक प्रसिद्ध अभ्यास १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात आला होता. लहानपणापासून डोक्यावर ओझं वाहणाऱ्या त्या बायका स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं घेऊन चालल्या, तरी त्यांचा ऑक्सिजनचा वापर वाढला नाही. ओझं त्यापुढे गेलं की वाढला. पुढच्या अभ्यासांत दिसलं की ओझं असताना त्या लंबकाचा व्यवहार इतरांपेक्षा जास्त काटकसरीने करतात.

याचा उलटा अर्थ मात्र कुणी काढू नये. ५० किलोच्या बाईच्या बाबतीत २० टक्के म्हणजे १० किलो. भरलेला मोठा हंडा त्याहून जड असतो, सातपुड्यातल्या लाकडाच्या मोळ्या तर कितीतरी जड. श्वास लागला नाही म्हणून मान आणि कंबर झिजायची थांबत नाही. त्या बायकांच्या मानेचे एक्स-रे मी बघते, आणि घराजवळ नळ येणं हा मानेचाही उपचार आहे असं मला मनापासून वाटतं.

चालताना हात का हलतात?

उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे जातो. पाय पुढे टाकताना कंबर एका बाजूला पिळली जाते, हात आणि खांदे उलट फिरून तो पीळ भरून काढतात. हात बांधून चालता येतं, पण थोडी जास्त ताकद लागते. एकाच बाजूचा हात हलायचा बंद झाला असेल आणि खांदा दुखत नसेल, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची, सुरुवात कधी कधी अशीच दिसते.

पावसाळ्यात काळ्या रानात चार पावलं टाकली तरी दम लागतो. का?

दोन कारणं आहेत. पहिलं, ओली काळी माती पावलाला चिकटते आणि दोन्ही पायांना गोळे बांधल्यासारखं होतं. पाठीवरच्या एक किलोपेक्षा पावलावरचा एक किलो कितीतरी महाग पडतो, कारण तो दर सेकंदाला उचलायचा, पुढे न्यायचा आणि थांबवायचा असतो. दुसरं, जमीन खचते. पोटरी जोर लावते तेव्हा त्यातला बराचसा जोर माती दाबण्यात जातो. तापी किंवा गिरणेच्या पात्रातल्या वाळूत हेच होतं. कोरड्या सैल वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते असं प्रयोगांत मोजलं गेलं आहे. रान ओलं असेल तर पावलं आखूड टाका आणि बांधावर थांबून पायाची माती काढा. गुडघेदुखी असलेल्यांनी पाऊस उघडल्यावर रान वाफशावर येईपर्यंत कामाला जाऊ नये, हा सल्ला मी हट्टाने देते.

चैत्रात गडावर पायी जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुडघे का धरतात?

सप्तशृंगीच्या यात्रेला धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पायी जाणारे आणि आषाढीला मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणारे, दोघांच्याही तक्रारी मिळत्याजुळत्या असतात. रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त पावलं एका दिवसात पडतात. दर पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या १.१ ते १.२ पट जोर परत देते. हा जोर स्वतःमध्ये फार नाही, पण दुसऱ्या टप्प्यात गुडघा वाकून धक्का जिरवणारा मांडीचा स्नायू दमला की तो धक्का सांध्यावर जातो.

आणखी एका गोष्टीकडे लोकांचं लक्ष जात नाही. डांबरी रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. दिवसभर एकाच कडेने चाललं तर एक पाय सतत खाली पडतो, दुसरा वर. त्यामुळे कंबर आणि एका गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. वाहतूक आणि पोलिसांच्या सूचना सांभाळून, जिथे कच्ची सपाट कड मिळेल तिथे तिच्यावरून चाला. घाट चढताना दम लागतो, पण मांडी भरून येते ती उतरताना, कारण उतारावर तिला सतत आवरण्याचं काम असतं. ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि मग उतरतं. घाबरू नका.

नवे बूट घालून कधीही निघू नका. फोड घासण्याने आणि ओलाव्याने येतात, म्हणून मोजे बदलत राहा. मधुमेह असलेल्यांनी रोज मुक्कामावर तळवे स्वतः बघावेत, दिसत नसतील तर सोबत्याला बघायला सांगावं. त्यांतल्या अनेकांचे तळवे बधिर झालेले असतात, त्यामुळे फोड झालेला कळत नाही, आणि अनवाणी चालण्याचा नवस असेल तर मी हात जोडून नको म्हणते.

मूल टाचा उचलून चालतं. काळजी करावी का?

मुलं साधारण १२ ते १५ महिन्यांत चालू लागतात. सुरुवातीला पाय फाकलेले, हात वर धरलेले आणि पूर्ण पाऊल एकदम टेकवलेलं असतं. टाच आधी टेकणं आणि हात हलवणं दुसऱ्या वर्षाच्या आसपास येतं. मोठ्यांसारखी चाल सातव्या वर्षापर्यंत पक्की होते. सुरुवातीच्या महिन्यांत अधूनमधून टाचा उचलणं चालतं. १८ महिने होऊनही मूल चालत नसेल, तिसऱ्या वर्षानंतरही चवड्यावरच चालत असेल किंवा एकाच पायाची टाच उचलत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे दिसणं, आणि तीन-चार वर्षांचं असताना गुडघे एकमेकांना लागणं, हे बहुतेक मुलांत आपोआप सरळ होतं.

मूल आत बसवून ढकलायचे चाकांचे वॉकर घेऊ नका. त्यात मूल चवड्यांनी ढकलतं, स्वतःचा भार घेत नाही, आणि पायऱ्यांवरून पडण्याचा धोका मोठा. लाकडी पांगुळगाडा त्याहून खूप चांगला. त्याला धरून उभं राहताना मूल आपलं वजन आपल्याच पायांवर पेलतं.

आप्पांची चाल बदलली आहे. वयामुळे की आजारामुळे?

वय वाढलं की पावलं आखूड होतात, वेग कमी होतो आणि दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा काळ वाढतो. हा बदल दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि वर्षानुवर्षं सावकाश येतो. एकाच बाजूला, किंवा काही आठवड्यांत बदल झाला असेल तर त्याला वय म्हणू नका. घरात सगळे "आता वय झालं" म्हणून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. खुब्याचं, कंबरेच्या नसांचं, डोळ्यांचं किंवा गोळ्यांमुळे येणाऱ्या चक्करीचं कारण वेळेत सापडलं तर चाल परत मिळू शकते.

आणि अचानक, तासाभरात, एका बाजूचा पाय किंवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, यांतलं एक जरी झालं, तर वाट न बघता स्ट्रोकवर (पक्षाघातावर) उपचार होतात अशा रुग्णालयात पोहोचा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. पाय चोळत घरी बसण्यात हाच वेळ जातो.

लंगडण्यावरून कारण कसं ओळखता?

कोणत्या टप्प्यावर चाल मोडते ते बघून. काही नेहमी दिसणारे नमुने सांगते.

माणूस एका पायावर भार देऊन लगेच काढून घेत असेल, म्हणजे त्या पायाचा टेकता काळ आखूड असेल, तर तो पाय दुखतोय. हे सगळ्यात सामान्य लंगडणं. भार घेताना, दुसऱ्या टप्प्यात, जो हाताने मांडी मागे दाबतो, त्याचा मांडीचा पुढचा स्नायू कमजोर आहे. गावोगावी पन्नाशी-साठीची अशी माणसं तुम्ही पाहिली असतील, त्यांतल्या अनेकांना लहानपणी पोलिओ झालेला असतो. त्यांनी हात लावण्याची ही युक्ती स्वतःच शोधली, आणि यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ती अगदी बरोबर आहे. २०१४ मध्ये भारत ज्या प्रदेशात मोडतो तो पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे तरुण मुलात ही चाल दिसली तर वेगळं कारण शोधावं लागतं.

तिसऱ्या टप्प्यात, एका पायावर असताना, कंबर दुसऱ्या बाजूला खाली पडत असेल किंवा ती वाचवायला धड उभ्या पायावर झुकत असेल, तर ग्लुटिअस मीडियस किंवा खुब्याचा सांधा तपासावा. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ साली याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव या खुणेला आहे. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात विशी-तिशीतला मुलगा किंवा मुलगी असं लंगडत आली, तर मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का ते आधी विचारते. त्या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड झिजू शकतं, आणि ते लवकर कळलं तर खूप काही वाचवता येतं.

झुलत्या काळात पाय फार उंच उचलून पाऊल आपटत असेल, तर पाऊल उचलणारी नस गेली आहे. कंबरेची गादी, गुडघ्याबाहेरच्या नसेवरचा दाब, मधुमेह ही कारणं असतातच. आपल्या भागात कुष्ठरोगही विसरून चालत नाही. त्वचेवर बधिर चट्टा असेल तर लाज न बाळगता सरकारी दवाखान्यात जा, औषध मोफत मिळतं आणि नस लवकर वाचवता येते. पाय गुडघ्यात न वाकता बाहेरून अर्धगोल फिरवत पुढे येत असेल, तर बहुतेक वेळा स्ट्रोकनंतरचा ताठरपणा असतो: सहाव्या टप्प्यातलं ते ६० अंश वाकणं हरवलेलं असतं, म्हणून पाय बाहेरून न्यावा लागतो.

उजवा खुबा दुखतो. काठी कोणत्या हातात धरू?

डाव्या. जवळपास सगळे उजव्या हातात धरून येतात आणि चालताना दुखऱ्या बाजूला झुकतात.

कारण असं. तुम्ही उजव्या पायावर असता तेव्हा शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूने खाली ओढतं. ते तोलायला बाहेरच्या बाजूचा ग्लुटिअस मीडियस ओढतो, पण त्याचा हात, म्हणजे सांध्यापासूनचं अंतर, वजनाच्या अंतराच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणून त्याला वजनाच्या जवळपास दुप्पट ओढावं लागतं, आणि वजन अधिक ही ओढ असं सगळं सांध्यावर येतं. कृत्रिम खुब्यात मापक बसवून पाहिलं तेव्हा साध्या चालण्यातही हा भार वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भरला. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर १५० किलो! डाव्या हातातली काठी खुब्यापासून लांब असते, त्यामुळे तिच्यावर थोडासा दाब दिला तरी त्या स्नायूचं काम बरंच हलकं होतं. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाका. काठीची उंची सरळ उभं राहिल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत हवी. गुडघ्याच्या दुखण्यालाही हाच नियम.

पाय गुडघ्याखाली कापला आहे. जयपूर फूट लावून शेतात जाता येईल का?

बहुतेकांना येतं. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये हे पाऊल घडवलं, ते अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा, चिखलात उतरणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवूनच. रबराचं हे पाऊल वेगवेगळ्या दिशांना वाकतं, त्यामुळे ढेकळांवर तोल जात नाही. पोटरीचा जिवंत ढकला मात्र त्यात नसतो, म्हणून पाचव्या टप्प्यात खुब्याने जास्त काम करावं लागतं. पाय बसवण्याआधीच खुब्याचे व्यायाम सुरू करा, आणि खुंटावर लाल वण उमटून दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही तर मापं पुन्हा घ्यायला जा.

तपासायला येताना काय आणावं?

मोबाइलवर काढलेला चालण्याचा व्हिडिओ. दवाखान्यात माणूस जपून चालतो, घरच्या ओट्यावर खरी चाल दिसते. मोबाइल चालणाऱ्याच्या कंबरेच्या उंचीवर धरा. एकदा बाजूने, एकदा समोरून, एकदा मागून घ्या, दर वेळी आठ-दहा पावलं तरी यायला हवीत. पँट गुडघ्याच्या वर दुमडा, आजीचं लुगडं असेल तर नडगी दिसेल एवढं वर खोचा. एकदा अनवाणी आणि एकदा रोजच्या चपलांवर चालायला सांगा. स्लो मोशनची सोय असेल तर वापरा, टाच आधी टेकते की चवडा हे त्यात स्वच्छ दिसतं.

आणि जुन्या चपला आणा, धुवून पुसून नव्हे, जशा आहेत तशा. टाचेची बाहेरची मागची कड थोडी झिजलेली असणं नेहमीचं. एका चपलेचं टोक घासलेलं असेल तर तो पाय सातव्या टप्प्यात जमिनीला लागतोय, आतली कड पार बसली असेल तर कमान कोसळली आहे. दवाखान्यात जायचं म्हणून आदल्या दिवशी घेतलेली नवी चप्पल घालून आलात, तर यांतलं मला काहीच वाचता येत नाही.